शहराच्या आधीचा घोट

मित्रांनो, मी एक म्हातारा मासा आहे. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात, पंपांच्या शेजारच्या खोलीत, काचेच्या टाकीत माझा मुक्काम असतो. नदीचं पाणी आत आलं की त्याची एक बारीक धार आधी आमच्या टाकीत पडते. बाकीच्या पाण्यात पुढे तुरटी टाकतात, गाळ तळाशी बसतो, पाणी वाळूच्या थरांतून झिरपतं आणि क्लोरीन घेऊन तुमच्या नळाकडे निघतं. पण काही विषं भारी चिवट. ती तुरटीला दाद देत नाहीत, वाळूतूनही निसटतात. त्यांच्यासाठी आम्हाला ठेवलेलं. आमचं काम एवढंच, की जगायचं. आम्ही मजेत पोहतोय तोवर पाणी चांगलं.

ते दिवस सुखाचे होते. केमिस्ट बाई आल्या की पर्स खुंटीला लावण्याआधी आमच्याकडे बघत. पंप चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे मामा म्हणत. ते काचेवर टिचकी मारून म्हणायचे, "पगार नाही, रजा नाही, तरी बघा कशी खुशीत आहे मंडळी!"

एका सकाळी धारेला उग्र वास आला. माझे कल्ले जळू लागले. सोबती पाण्यावर तोंडं काढून धापा टाकू लागले, मग एकेक जण उलटा झाला. बाई धावत आल्या.

"मामा, पंप बंद करा!"

"वर विचारायला नको?"

"विचारत बसलो तर हे पाणी घराघरांत पोचेल. बंद करा. बोलणी मी खाईन."

पंप थांबले. मी तेवढा तडफडत होतो. मामांनी मला ओंजळीत उचलून शिळ्या पाण्याच्या बादलीत सोडलं. नदीच्या पाण्याची बाटली तपासणीला गेली.

दुपारपर्यंत शहर कोरडं पडलं. फोन थांबेनात. केंद्राचे साहेब कडाडले, "माशांच्या नखऱ्यांपायी अख्खं शहर तहानलेलं ठेवलंत?" मग बाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या नवऱ्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. तो डायलिसिससाठी दवाखान्यात झोपून होता आणि दवाखान्याची टाकी रिकामी झाली होती.

"ताई, मशीन थांबलंय गं. ह्यांना धाप लागलीय. पाणी सोड."

"अगं, आत्ता सोडलं तर तेच विष त्यांच्या रक्तात उतरेल. मी टँकर पाठवतेय, थोडा धीर धर."

"माझ्या नवऱ्यापेक्षा तुला तुझे मासे जास्त झाले!"

फोन कटला. बाईंनी दुसऱ्या गावाहून टँकर मागवला, तो पोचेपर्यंत खुर्चीला पाठ टेकली नाही. मामांनी पुढे केलेला चहा तसाच निवला.

संध्याकाळी अहवाल आला. कुणीतरी फवारणीच्या औषधाचा टँकर वरच्या अंगाला नदीत धुतला होता. टँकर कुणाचा, ते कधीच कळलं नाही. शहरात एकही माणूस आजारी पडला नाही. पण जे घडलंच नाही, त्याबद्दल बाईंचे आभार कोण मानणार? लोकांच्या लक्षात राहिले ते कोरडे नळ. मेहुणा वाचला, पण फार खंगला. धाकटीने बोलणं टाकलं.

मी तेव्हापासून एका अंगावर कलून पोहतो. टाकीत एकटाच उरलो.

मग एक दिवस धाकटी केंद्रात आली. बराच वेळ काचेपाशी उभी राहिली.

"बाकीचे कुठे?"

"त्या दिवशीच गेले," बाई म्हणाल्या.

धाकटीने डोळ्यांना पदर लावला. "ह्यांची तब्येत काही पहिल्यासारखी होत नाही गं, ताई." बाईंनी तिला जवळ घेतलं. माफी कुणीच मागितली नाही.

मित्रांनो, नळाला पाणी आलं नाही तर जरूर चिडा. पण नदीत काही ओतताना कुणी दिसलं, तर तेवढ्याच तावातावाने त्याला अडवा. आम्हाला विष कळतं ते अंगात भिनल्यावर. तुम्हाला त्याआधी हात धरता येतो.

आज मामांनी टाकीत नवे मासे सोडले. नखाएवढे आहेत, दिवसभर नुसता दंगा. इथे त्यांचं काम काय, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.