खंडेनवमीचं रिव्हॉल्व्हर

हरिहर मोघ्यांना गंज सहन होत नसे. माणसाचा आळस, बायकोची भिशी, डच लोकांचं थंड जेवण हे सगळं त्यांनी चालवून घेतलं होतं, पण लोखंडावर तांबूस डाग दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. एंडहोवनला यंत्रांच्या कारखान्यात बारीक मापं घेण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावरही बागेतलं खुरपं ते तेलाचा हात फिरवल्याशिवाय ठेवत नसत. आणि खंडेनवमी आली की मग तर विचारूच नका. घरातलं यच्चयावत हत्यार घासूनपुसून लख्ख व्हायचं आणि मगच पाटावर चढायचं.

पाटावर असायचं काय, तर मायक्रोमीटर, दोन पकडी आणि वसुधाबाईंची विळी. "मोघ्यांच्या घरातलं एकमेव शस्त्र म्हणजे विळी, आणि तीसुद्धा हिच्या ताब्यात," हा विनोद हरिहरराव दरवर्षी करत आणि वसुधाबाई दरवर्षी दुर्लक्ष करत.

त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, विराजने, तो विनोद मनावर घेतला. विराज आल्मेरेच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. त्याने जुन्या बाजारातून एक रिव्हॉल्व्हर आणलं. पुढून दारू आणि गोळी ठासायची, तसल्या जुन्या धाटणीचं, गंजाने पार माखलेलं. विकणारा शपथेवर म्हणाला होता की हे पणजोबांच्या वेळचं आहे, असल्या अस्सल जुन्या हत्याराला परवाना लागत नाही. परवान्याचं खरं होतं. पणजोबांचं मात्र कुणी तपासलं नाही.

"बाबा, या वर्षी रिअल शस्त्र!" विराज म्हणाला. हरिहररावांना कोण आनंद झाला! मग ते मागच्या शेडमध्ये गेले, पॉलिश पेपर काढला, बफचं चाक लावलं आणि गंजाच्या मागे लागले. नळीच्या अंगाला काहीतरी पुसट, खरवडल्यासारखं होतं. ते त्यांच्या डोळ्यांत खुपलं. देवापुढे असलं ओबडधोबड ठेवायचं? त्यांनी ते घासून सपाट केलं. नवमीला झेंडूची फुलं वाहिलेलं ते रिव्हॉल्व्हर आरशासारखं चमकत होतं.

पुढच्या आठवड्यात विराजने वर्गातल्या मुलांना दसरा समजावून सांगितला आणि पूजेचा फोटो दाखवला. एका पालकाने तक्रार केली. पोलिस घरी आले, रिव्हॉल्व्हर घेऊन गेले आणि विराजचा जबाब झाला.

आता सगळं एकाच प्रश्नावर येऊन थांबलं होतं: हे बनवलं कुणी? विराजच्या वकीलबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. दीडशे वर्षांपूर्वी बेल्जियमच्या कारागिरांनीही अमेरिकन रिव्हॉल्व्हरच्या नकला केल्या होत्या. हे त्यांच्यातलं निघालं, तर अस्सल जुनं, आणि खटला संपला. पण अलीकडच्या एखाद्या कारखान्याने हौशी लोकांसाठी काढलेली नक्कल निघाली, तर ते विनापरवाना शस्त्र. मग विराजला वर्तणुकीचा दाखला मिळणार नाही, आणि त्याच्याशिवाय या देशात कुणी त्याला वर्गात उभं करणार नाही. मुलांना शिकवण्यापलीकडे विराजला दुसरं काही नकोच होतं. लहानपणी तो सोफ्यावरच्या उशांना गुरुत्वाकर्षण शिकवायचा.

रिव्हॉल्व्हरच्या तपासणीला विराजबरोबर हरिहररावही गेले. वकीलबाईंनी एका संग्रहालयातून निवृत्त झालेल्या तज्ज्ञांना बोलावलं होतं. समोर एक पोलिस अधिकारी बसली होती. टेबलावर ते रिव्हॉल्व्हर चमकत होतं.

तज्ज्ञांनी ते हातात घेऊन फिरवलं, नळीवरून बोट फिरवलं. "कारखान्याची खूण इथे असते," ते म्हणाले. "चाचणीचा शिक्काही इथेच. इथे तर काहीच नाही."

नळीवर जे खरवडल्यासारखं दिसलं होतं, ते काय होतं हे हरिहररावांना आत्ता कळलं. सगळं आयुष्य भिंगातून बघण्यात गेलं आणि नेमकं त्या दिवशी भिंग डोळ्याला लावावंसं वाटलं नव्हतं.

तज्ज्ञांनी नळी धरून ठेवणारी पाचर ठोकून काढली, नळी सुटी केली आणि गोळी ठासायच्या दांड्याखालची खाच उजेडात धरली. तिथे बफचं चाक पोचलं नव्हतं. गंज तसाच होता आणि गंजाखाली एका वर्तुळात तीन अक्षरं होती. शेजारी चांदणी. तिच्याखाली बारीक चौकटीत आणखी दोन अक्षरं.

"इटली," तज्ज्ञ खाली मान घालून म्हणाले. "चौकटीतली अक्षरं सालाची. एकोणीसशे एकोणऐंशी. गंज मुद्दाम चढवलेला आहे, जुनं भासावं म्हणून. मला वाईट वाटतं."

विराजने डोळे मिटले.

मग अधिकारी म्हणाली, "बाहेरच्या खुणा कुणीतरी घासून काढल्यात. ओळख पटू नये म्हणून शस्त्रावरच्या खुणा पुसणं, याकडे आम्ही वेगळ्या नजरेने बघतो." तिने विराजकडे पाहिलं. "'साफसफाई मीच केली,' असं तुमच्या जबाबात आहे."

हरिहरराव चमकून मुलाकडे वळले. "तू असं सांगितलंस?"

"बाबा, त्यांनी सहज विचारलं," विराज मराठीत पुटपुटला. "क्लीनिंगचंच तर होतं. मला वाटलं, तुम्हाला कशाला इन्व्हॉल्व्ह करायचं."

हरिहरराव उठून उभे राहिले. हात दाखवून अवलक्षण मुलाने केलं होतं, पण हात बापाचे होते. आयुष्यभर वापरलेलं डच त्या क्षणी त्यांच्या जिभेवर अडखळायला लागलं. "मी घासलं. मी. माझ्या शेडमध्ये बफ आहे, चला, दाखवतो. आमच्यात पूजेच्या आधी हत्यारं स्वच्छ करतात. त्याने हातही लावला नाही. खुणा मी घालवल्या, मला कळलंच नाही त्या खुणा होत्या."

"तुम्ही मोजमापांचे इंजिनिअर होता ना?" अधिकारीबाईने विचारलं.

"हो."

"आणि तुम्हाला खुणा ओळखू आल्या नाहीत?"

हरिहररावांनी विराजकडे पाहिलं, सांग रे, तू तरी सांग, अशा नजरेने. विराज टेबलाकडे बघत सावकाश म्हणाला, "माझे वडील म्हातारे झालेत. ते मला वाचवायला बघतायत."

"नाही!" हरिहरराव ओरडले. "खोटं बोलतोय हा! लिहून घ्या माझं!"

वकीलबाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि हलकेच सांगितलं, की जबाब आता फिरवला तर दोघंही खोटे ठरतील. हरिहररावांनी तो हात झटकला. त्यांना सगळ्यांचा राग आला होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या दहा बोटांचा.

अधिकारीबाईने पेन खाली ठेवलं. ती वाईट बाई नव्हती. तिने पेल्यात पाणी ओतलं, पेला त्यांच्यापुढे सरकवला आणि अगदी मायेने म्हणाली, "मलाही एक मुलगा आहे, मेनेर मोघे. त्याच्यासाठी मीसुद्धा हेच सांगितलं असतं."