राजसबाईंची गोळी

"लग्न मोडायचंय, डॉक्टर. तुम्हीच एक कागद लिहून द्या."

त्र्यंबक माझ्यासमोर बसला होता. वय अठ्ठावीस, ओरगडमच्या एका कारखान्यात इंजिनियर, आमच्याच तंजावूरकडच्या मराठी घरातला, आणि सहाना नावाच्या मुलीशी लग्न अकरा दिवसांवर. मी त्वचारोगाची डॉक्टर. माझं तोंड फटकळ, हे आमच्या सगळ्या पेरुंगुडी भागाला ठाऊक आहे.

"मी काय कागद वाटत बसलेय? आधी दाखव."

लिंगावर रुपयाएवढा गोल, काळपट लाल डाग, मधोमध कातडी सोललेली. महिन्याभरात तिसऱ्यांदा, म्हणाला. आदल्या दिवशी काही नसतं, दुसऱ्या दिवशी नुसती आग. गरमी, हर्पिस, एचआयव्ही, सगळ्या तपासण्या त्याने दोनदा करून घेतल्या होत्या. कशातच काही नव्हतं.

"मी कुणाजवळ गेलो नाही, डॉक्टर, शप्पथ! पण सहानाला हे पटेल का?" आणि एवढा थोरला बाप्या ढसाढसा रडायला लागला.

मला त्याची फार दया आली, म्हणून मी आणखीच खेकसले. "रडणं पुरे. दर वेळी डाग तिथेच?"

"अगदी तिथेच."

हे ऐकून मी सावरून बसले. पुन्हा पुन्हा नेमक्या त्याच जागी उठतं ते बहुतेक औषधाचं.

"गोळ्या कुठल्या घेतोस?"

"एकही नाही."

तीनदा विचारलं, तीनदा नाही. "बरं, तिन्ही वेळा आदल्या दिवशी कुठे होतास?"

"केळवणाला."

केळवण म्हणजे काय ते मला सांगायला नको. पानात टाकायचं नाही, आग्रह मोडायचा नाही, मुलगा फुटला तरी चालेल.

"मग पोट बिघडलं असेल?"

"तिन्ही वेळा. मग आमच्या राजसबाई आत्याने विड्याबरोबर जुलाब थांबवायची गोळी दिली. पण डॉक्टर, ते औषध नव्हे! आत्या सगळ्यांनाच देते."

"अय्यो देवा!" मी कपाळावर हात मारला. "लाव तिला फोन."

आत्याबाईंनी पाकिटावरचं नाव वाचून दाखवलं, वर "दोन घे रे राजा" असंही सांगितलं. टिनिडाझोल! काही जणांना या गोळीने नेमका असाच डाग उठतो. सापडला चोर.

"ही गोळी जन्मात घ्यायची नाही. मलम देते, आठवड्यात जखम भरेल. हे कुणाला लागत नाही. बोहल्यावर चढ, गाढवा!"

तो हसला, रडला, माझ्या पाया पडला आणि सहानाला फोन करायला म्हणून दाराकडे धावला. दार उघडलं, तर बाहेर बाकावर सहानाच. मांडीवर हेल्मेट.

"तू कशी इथे?"

"तुझ्या फोनचं लोकेशन माझ्याकडे असतं, विसरलास? लग्न मोडू म्हणालास, कारण सांगेनास. इथली 'त्वचा व गुप्तरोग' पाटी वाचली आणि समजले."

त्याने तिथेच उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. मग घाबरत विचारलं, "आणि खरंच काही वाईट निघालं असतं तर?"

"तर उपचार केले असते," ती म्हणाली. "चल, टी. नगरच्या बाजारातून ब्लाउज आणायचेत."