जर्मनीतला विसार

जयराजनं जर्मनीत घर घेतलं, हे सगळ्या मलकापूरला माहीत होतं. फक्त जर्मनीला माहीत नव्हतं.

तिकडं तो फायनान्सचं मास्टर्स करत होता आणि पिझ्झाच्या दुकानात आठवड्याला वीस तास भांडी घासत होता. परदेशात भांडी घासली की गावात त्याला करिअर म्हणतात. असल्या परदेशी विद्यार्थ्याला तिथल्या बँकेनं कर्ज सोडाच, नीट बसासुद्धा म्हटलं नाही. पण गडी हटला नाही. घरमालकीण हिल्डाबाई तो राहायचा ती भाड्याची खोली विकणार, असं कानावर येताच त्यानं गावाकडच्या रीतीनं आगाऊ तीनशे युरोचा विसार आणि साताऱ्याचे कंदी पेढे तिच्या हातावर ठेवले. बाई हसली. झाला व्यवहार पक्का! कागद नाही, पावती नाही. व्याजाची कोष्टकं पाठ असलेल्या शहाण्यानं नुसत्या हसण्यावर घर घेतलं.

उरलेल्या पैशासाठी तो सुट्टीत गावी आला. हायवेलगतचं वीस गुंठ्यांचं उसाचं रान विकायला वडील, निवृत्त सुभेदार हंबीरराव, आठ दिवस तयार नव्हते. "खोली भाड्यानं देतो, पाच वर्षांत दुप्पट रान घेऊन देतो," असं जयराज ठोकत राहिला. शेवटी ते हो म्हणाले.

आज सांगलीच्या विश्रामबागेतनं रान घेणारे आप्पासो विसार घेऊन आले. साक्षीला चार पंच बसले. एकदा नोटा हातात घेतल्या की हंबीरराव मरेपर्यंत शब्द फिरवणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात जयराजचा मोबाईल वाजला. हिल्डाबाईनं लिहिलं होतं: तीनशे युरो पुढच्या भाड्यात धरलेत, मिठाई छान होती, खोली भाचीला विकली.

जयराजनं निरोप दोनदा वाचला. गप्प बसावं तर इज्जत राहील, रान जाईल. वडिलांचा हात पुढं झाला.

"आबा, घेऊ नका!" तो ओरडलाच. "तिथलं घर गेलं. म्हंजे... कवा मिळालंच नव्हतं."

सगळं ऐकून आप्पासो पोट धरून हसले. "आरं गड्या, गोऱ्या बाईला विसार? एखादा पंच तरी न्यायचा हुतास!"

मग ते हंबीररावांकडं वळले.

"आवं सुभेदार, ह्यो फायनान्स शिकतोय व्हय?"

"शिकतंय अजून." हंबीररावांनी नोटा हात न लावता परत सरकवल्या. मग पोराकडं न बघताच म्हणाले, "ऊठ. आज पाण्याची पाळी हाय आपली. खोरं घे."

आणि जर्मनीचा घरमालक उसाला पाणी पाजायला निघाला.