रक्ताच्या नात्यात कुणी

धुवायला काढलेल्या नवऱ्याच्या जॅकेटच्या आतल्या खिशात कागदाची पुडी सापडली. मी ती उघडून पाहिली, होती तशी परत ठेवली आणि जॅकेट न धुताच खुंटीला अडकवलं. आत सुकलेली, बारीक दांड्यांची भूछत्रं होती. आमच्या वरच्या कुरणात उगवतात ती. डोंगर चढायला येणारे पाहुणे नशेसाठी ती शोधत हिंडतात आणि गावातले लोक हसतात, की ऊन पडलेलं असताना यांना छत्र्या कशाला हव्यात. माझा नवराही पूर्वी हसायचा. तो रोपवेवर मेकॅनिक आहे. त्याच्यासोबत काम करणारा मित्र त्याच्या डोळ्यांसमोर खांबावरून पडून गेला, आणि तेव्हापासून त्याचं हसणं, झोपणं, बाळाला उचलून घेणं, एकेक करत सगळं बंद होत गेलं.

मी काळजीखोर आहे हे जगजाहीर आहे. पोर शिंकलं की हिचा थर्मामीटर बाहेर, असं सासूबाई शेजारणींना सांगतात. म्हणून पुडीबद्दल कुणाकडेच बोलले नाही. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी याच विषयावर बैठक ठेवली आहे, एवढंच जेवताना बोलले. नवऱ्याने मान वर केली. येतो म्हणाला. सासूबाईही निघाल्या.

शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर, आम्ही सगळे गुडघे हनुवटीशी घेऊन बसलो. आपण कुणाला घ्या म्हणायला आलो नाही आणि दटावायलाही नाही, असं नर्सबाईंनी आधीच सांगून टाकलं. लोक लपूनछपून खातात, आणि त्या लपवण्यापायी जीव जातो. एका भूछत्राने भास होतात, तर हुबेहूब तसंच दिसणारं दुसरं यकृत निकामी करतं. यावर निवृत्त मास्तर म्हणाले, "भास व्हायला भूछत्र कशाला? आमच्या हिला मी अजून कामाचा वाटतो." हशा झाला आणि मग माणसं मोकळी झाली. मेंढ्या राखणाऱ्या बाईने आपल्या भावाचं सांगितलं. एकट्यानेच खाऊन कड्याच्या दिशेने धावत सुटला होता, कसाबसा धरला.

शेवटी नर्सबाई म्हणाल्या की शहरातल्या एका हॉस्पिटलात अशा भूछत्रांतून काढलेल्या औषधावर संशोधन चाललंय. दुःख ज्यांच्या आत घट्ट बसलंय त्यांच्यासाठी, डॉक्टर शेजारी बसून. काहींना गुण येतो, काहींना नाही.

नवरा उभा राहिला. "मला जायचंय तिकडे."

त्याच्या आवाजात आशा होती. इतके दिवस ऐकली नव्हती, त्यामुळे ओळखायला मला जरा वेळच लागला.

नर्सबाईंनी जपून विचारलं, "रक्ताच्या नात्यात कुणी आहे का, ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात? असेल तर हे औषध उलटू शकतं. माणूस त्यातून बाहेर येईलच असं नाही."

"कुणी नाही," तो म्हणाला.

माझी नणंद गावाच्या लेखी शहरात नोकरीला आहे. खरं तर ती तिथल्या मनोरुग्णांच्या दवाखान्यात आहे. लग्नानंतर मला हे दार लावून सांगण्यात आलं होतं. सासूबाईंनी त्या नोकरीत तिला बढतीसुद्धा देऊन टाकली होती.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. गप्प राहिले तर तो जाणार, आणि कदाचित बहिणीच्या वाटेने जाणार. बोलले तर सासूबाईंनी जन्मभर राखलेली अब्रू भर वर्गात उघडी पडणार. मांडीवरचं बाळ शेजारणीकडे देऊन मी उठू लागले.

माझ्या आधी सासूबाई उठल्या. पाय बाकात अडकला होता, तो त्यांनी हाताने सोडवला.

"आहे," त्या म्हणाल्या. "माझी मुलगी. नोकरी नाही करत ती. दवाखान्यात आहे. तिला आवाज ऐकू येतात."

"आई, खाली बस."

"बसते. तू जायचं नाहीस तिकडे."

नर्सबाई हळूच म्हणाल्या की दुसरे उपाय आहेत, फक्त वेळ लागेल. "वेळच तर जात नाही," नवरा म्हणाला. खिशातली पुडी काढून त्याने त्यांच्या टेबलावर ठेवली आणि एकटाच उतारावरून निघून गेला.

घरी मी बाळाला झोपवत होते. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तू बोलणार होतीस ना?"

"हो, आई."

"कळलं मला. तू बोलली असतीस तर जन्मभर मनात धरलं असतं त्याने. आईवर रुसून कुठे जाईल?"

तो कुठे गेला नाही. आठवड्यातून एकदा नर्सबाईंकडे जातो, बोलतो की नुसता बसतो ते माहीत नाही. कामावरून येतो, जेवायला बसतो. सासूबाई रोज विचारतात, अजून वाढू का, आणि डाव हातात धरून थोडा वेळ थांबतात. तो ताटावर हात आडवा धरतो. वर बघत नाही.