काचवाल्याची पकड

“अहो काचवाले, जरा सैल धरा तो दांडा! पळून जाणारेय का तो?”

व्यायामशाळेचे मास्तर ओरडले आणि काचवाल्याने वजनाचा दांडा खाली ठेवला. ठेवला कसला, टाकलाच. उजव्या हातात कोपरापासून मनगटापर्यंत कळ गेली आणि बोटं आपोआप उघडली. मास्तरांचं पोट त्यांच्याआधी दारातून आत येत असे, पण नजर अजून पैलवानाची होती.

“कधीपासून दुखतोय हात?”

“नाही दुखत.”

“मग काखेत कशाला घातलाय? थंडी वाजतेय?”

काचवाल्याने हात काखेतून बाहेर काढला. दुखणं त्याने बरेच आठवडे अंगावर काढलं होतं. किटली उचलताना कळ यायची, दाराची मूठ फिरवताना यायची. घरी कुणाला कळू नये म्हणून तो चहा डाव्या हाताने ओतायला शिकला होता.

“जोर पाठीतून, पायांतून आला पाहिजे. तुम्ही नुसत्या मुठी आवळता. किती वेळा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. अहो, लोखंड आहे ते. पडलं तर फुटत नाही.”

पन्नाशी उलटल्यावर ही हौस कुठून आली, असं मास्तरांनी मागे एकदा विचारलं होतं. तब्येतीसाठी, असं सांगून त्याने वेळ मारून नेली होती. खरं कारण घरी पलंगावर होतं. बायकोची डावी बाजू लुळी पडली होती. तिला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून न्हाणीघरात तोच न्यायचा. एकदा न्हाणीघराच्या दाराशी ती त्याच्या हातून निसटली. कपाळाला टाके पडले, तेवढ्यावर निभावलं. जन्मभर त्याने माणसाच्या उंचीच्या काचा अरुंद जिन्यांवरून चढवल्या होत्या, एकीलाही ओरखडा येऊ दिला नव्हता. आणि पडली कोण, तर बायको. टाके निघायच्या आत तो व्यायामशाळेत जाऊ लागला.

तेव्हापासून त्याला धड आनंद नव्हता की धड दुःख नव्हतं. सकाळी वजनं, मग तिची आंघोळ, मग दुकान. चावी दिलेल्या खेळण्यासारखं चाललं होतं. “कामाला एखादी बाई ठेवू या ना,” असं बायको अधूनमधून म्हणायची. “परकं माणूस कशाला? मी मेलोय का?” हे त्याचं ठरलेलं उत्तर.

त्या दिवशी दुकानात त्याने आरसा कापायला घेतला. हिऱ्याची कलम काचेवरून एकाच दाबाने ओढायची असते, मध्ये हात अडखळून चालत नाही. अर्ध्यावर कळ आली, रेघ वाकडी गेली आणि आरसा भलतीकडेच तडकला. मालक तुकड्यांकडे आणि मग त्याच्याकडे बघत राहिला.

“तुमच्या हातून?” एवढंच तो म्हणाला. “डॉक्टरकडे जा आधी.”

डॉक्टरीणबाईंनी कोपराजवळ अंगठा दाबला तेव्हा काचवाल्याच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले.

“स्नायू हाडाला धरून असतो तिथंच सूज आहे. वजनं बंद करा. कशासाठी उचलता?”

“बायकोला उचलायचं असतं.”

बाई लिहायच्या थांबल्या. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, “मग तेही बंद.”

“ते कसं जमेल?”

“नाही ऐकलंत तर ऐन वेळी हात सुटेल. परत पडल्या तर चालणार आहे तुम्हाला?”

औषधाची चिठ्ठी आणि कोपराला बांधायचा पट्टा घेऊन तो घरी आला. बायकोने पट्ट्याकडे पाहिलं आणि कामाला बाई बघायला शेजारणीला फोन लावायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मदतनीस बाई आली. अगदीच काडीपैलवान. ही काय उचलणार, असं म्हणून काचवाला दारातच उभा राहिला. बाईने बायकोच्या कमरेला रुंद पट्टा बांधला, आपला गुडघा तिच्या गुडघ्याला टेकवला.

“हं ताई, नाक माझ्या खांद्याकडे. मला मिठी नका मारू, सासरी नाही चाललेय मी. चला!”

ती उभी राहिली, वळली, खुर्चीत बसली. बाईने तिला उचललं असं म्हणता येण्यासारखं काही झालंच नव्हतं. आणि या सगळ्यात बायकोचं तोंड चालूच होतं. शेजारणीचा फोन, वरच्या मजल्यावरची आदळआपट, बाईची मुलं किती मोठी. काचवाल्याचे दोन्ही हात अर्धवट पुढे आलेले तसेच राहिले. तो उचलत असताना ती एक अक्षरही बोलल्याचं त्याला आठवेना.

बाई गेल्यावर तो पलंगाजवळ बसला.

“मी उचलायचो तेव्हा तू बोलायची नाहीस.”

“श्वास धरून असायचे हो. भीती वाटायची.”

“पडशील म्हणून?”

“तुमच्या तोंडाकडे बघून. मी म्हणजे जशी काही काचच. आणि केवढं घट्ट धरायचात!” तिने चांगल्या हाताने लुळ्या हाताची बाही वर सरकवली. दंडावर बोटांचे वळ होते, काही जुने पिवळे, काही निळे.

“अंथरुणाचे आहेत म्हणाली होतीस.”

“मग काय सांगणार? माझ्यासाठीच मरमर मरत होतात ना.”

काच घट्ट धरायची नसते, आधार द्यायचा असतो, हे तो नव्या गड्यांना सांगत आला होता. तिला मात्र त्याने कधी तसं धरलं नाही. त्याला लाज वाटली. किती महिन्यांनी आज काहीतरी वाटलं, आणि ते हे. तिने बाही खाली ओढायचा प्रयत्न केला. नेहमीसारखा तो मदतीला पुढे झाला नाही. बाही खाली यायला वेळ लागला, पण आली.

दुसऱ्या सकाळी न्हाणीघराचं दार आतून लोटलेलं होतं. पाण्याचा आवाज येत होता, मध्येच दोघी कशावर तरी हसल्या. कशावर ते बाहेर कळलं नाही.

“अहो, टॉवेल!”

दाराच्या फटीतून बाईचा हात बाहेर आला. काचवाल्याने डाव्या हाताने टॉवेल दिला. दार लागलं. दुकान उघडायला अजून अवकाश होता, म्हणून तो तिथंच भिंतीला टेकून उभा राहिला.