एकेक तपासून पुसलेले

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. काचेच्या कोपऱ्यात बारीक तडा आहे; बाकी प्रकृती ठणठणीत आहे, आणि तेच माझे दुर्दैव.

कारखान्यात माझी जुळणी झाली, तपासणी झाली आणि यंत्रांचे आराखडे काढणाऱ्या एका गृहस्थांच्या खिशात मी सहा वर्षे राहिलो. त्यांच्या पत्नी रुग्णालयात होत्या, तेव्हा त्या जे जे सांगत, ते विसरू नये म्हणून ते माझ्यात ध्वनिमुद्रित करून ठेवत. पुढे पत्नी गेल्या. नवा फोन आला आणि मला दुरुस्तीच्या दुकानात देऊन टाकायचे ठरले.

लेक म्हणाली, "बाबा, फॅक्टरी रीसेट करा. सगळं एकदम जाईल."

"एकदम गेलेलं मी तपासणार कसं? मी एकेक पुसतो."

"मग बसा रबर घेऊन."

ते खरोखरच बसले. तीन दिवस एकेक छायाचित्र, एकेक ध्वनिमुद्रण पुसून कागदावर खूण करीत राहिले. पडदा कोरा दिसला की त्यांच्या लेखी काम झाले. खोडलेली रेघ त्यांनी आयुष्यभर अशीच तपासली होती. पण पुसलेले मी लगेच टाकत नाही, महिनाभर कचरापेटीत ठेवतो. ती पेटी त्यांनी उघडलीच नाही. कुलूप काढून त्यांनी मला दुकानात दिले.

आठवड्याने कारागिराने पेटी उघडली आणि माझा आवाज तपासण्यासाठी हाती लागले ते ध्वनिमुद्रण लावले. लेक तेव्हा आपल्या फोनची काच बदलायला समोरच उभी होती. तिच्या आईचा आवाज आला.

"पोरीला इतक्यात कळवू नका हं. तिची परीक्षा होऊन जाऊ दे. मी थांबते तोवर."

त्या थांबल्या नव्हत्या. लेक परगावी शेवटचा पेपर लिहीत असतानाच त्या गेल्या.

लेकीने मला मागून घेतले आणि घरी वडिलांसमोर ठेवले. "आई जगणार नाही, हे किती दिवस माहीत होतं तुम्हाला?"

"दोन महिने." मग मला पालथा ठेवत, "मी सगळं पुसलं होतं गं."

मित्रांनो, कोऱ्या पडद्यावर विसंबू नका. हवे ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या, फोनमधून आपले खाते काढून टाका, मगच रीसेट करा, आणि त्यानंतरच फोन परक्या हाती द्या. आईचा आवाज लेकीने उतरवून घेतला आहे. 'सर्व पुसा' या शब्दांवर आता तिचे बोट आहे.

"या बाबा," ती म्हणते, "तपासून घ्या."

आतल्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. पावले मात्र येत नाहीत.