तीन जबड्यांचा चक

लातूर जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या आल्या, पाऊस मात्र आला नाही. विहिरी तळाला गेल्या, पंप रात्रंदिवस गाळाचं पाणी ओढून झिजले आणि त्यांच्या शाफ्टांनी, म्हणजे फिरत्या दांड्यांनी, ते कातून देणाऱ्या लेथवाल्यांची चांदी केली. म्हणजे मलप्पाची केली. गुरुबसप्पा आपल्या वर्कशॉपात माश्या मारत बसायचा आणि समोरच्याच गाळ्यात, त्याच्याच हाताखाली शिकलेल्या मलप्पाकडे पार देवणीपासूनचं गिऱ्हाईक ताटकळत उभं असायचं.

कारण एकच, तीन जबड्यांचा नवा चक. लेथवर कातायचा तुकडा, म्हणजे 'काम', घट्ट धरून फिरवणारं तोंड म्हणजे चक. गुरुबसप्पाचे उस्ताद निजामाच्या राज्यात लोखंडी तबकडीवर बोल्ट आवळून काम धरायचे. मग गुरुबसप्पाकडे चार जबड्यांचा चक आला. त्याचा एकेक जबडा वेगळा आवळायचा, खडू टेकवून काम फिरवायचं, खडू लागेल ती बाजू मागं सारायची. शाफ्ट मधोमध बसेपर्यंत चहा गार व्हायचा. मलप्पाच्या चकाच्या पोटात चकलीसारखं वेटोळं होतं. चावी फिरवली, की तिन्ही जबडे एकदम मध्यावर. "कारागिरी गेली, नुसती चावी राहिली," असं गुरुबसप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

"तुम्ही नुसतं जळायलाव," महादेवी, त्याची बायको, म्हणायची. आणि तो जळतच होता.

खंडेनवमीला मलप्पानं पूजेला बोलावलं. गुरुबसप्पा मुद्दाम लवकर गेला. मलप्पा फुलं आणायला गेलेला, त्याची बायको गौरम्मा आत नारळ सोलत होती. लेथपाशी कुणी नव्हतं. त्यानं डब्यातली चावी चकात घालून फिरवली. तिन्ही जबडे सरसर जवळ आले. उलटी फिरवली, तसे अलगद लांब गेले. इतकं देखणं यंत्र, आणि ते या मलप्पाच्या नशिबी! तेवढ्यात दाराशी चपला वाजल्या आणि तो चोरासारखा बाजूला झाला. चावी चकातच राहिली.

मलप्पा आला, वाकून पाया पडला. शेजारपाजारचे दुकानदार जमले. मलप्पानं यंत्राला विभूती लावली, झेंडूचा घसघशीत हार चकावर घातला. पलीकडच्या अंगाची चावी फुलांत झाकून गेली. नारळ फुटला. आता हारासकट चकाला एक फेरा द्यायचा रिवाज होता.

चकात चावी राहून लेथ सुरू झाला, तर ती उडते आणि समोरच्याचं डोकं फोडते. हा पहिला धडा मलप्पाला गुरुबसप्पानंच दिला होता. बोलावं तर अख्ख्या बाजारात छी थू होणार. गप्प बसावं तर विसरल्याचा दोष मलप्पावरच जाणार. आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्याच्या मनात आलं, जाऊ दे.

मलप्पाचं बोट बटणावर गेलं.

"थांब! चावी चकात हाय!"

मलप्पानं हार उचलला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "म्या तर डब्यात ठिवली व्हती. तुमाला कसं कळलं, उस्ताद?"

"म्याच घातलो. फिरवून बघितलो."

कुणीतरी फिसकन हसलं. मलप्पानं शिवी हासडली असती तर गुरुबसप्पाला बरं वाटलं असतं.

"एवढंच ना? मग रोज या की," मलप्पा म्हणाला. "तुमचाच हाय." त्यानं चावी काढली, हार नीट केला आणि उस्तादांचा हात धरून बटणापाशी नेला.

गुरुबसप्पानं बटण दाबलं. चक फिरू लागला, जरासुद्धा न थरथरता. त्याचे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, शिष्याच्या मायेनं आले. चक चांगला आहे, हे त्यानं कसंबसं सोसलं असतं. मलप्पाही चांगला निघाला, ते त्याला सोसवेना.